बांध असावा, बांध कोरू नये
(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात, काल्याच्या आदल्या दिवशी केलेले भाषण. जसे बोलले गेले तसे छापले आहे.)





आम्ही भाषण करणारे नव्हे. आमचे शिक्षण चौथी. पेरूच्या बागेत पाणी धरायचे आणि बोलावले तिथे कीर्तनाला उभे राहायचे, एवढेच आमचे काम. पण विश्वस्त मंडळी म्हणाली, 'बुवा, शंभर वर्षांचा सोहळा आहे, यंदा कीर्तन नको, भाषण करा. विषय तुमच्या मनाचा घ्या.' मनाचा घ्या म्हटले म्हणून घेतला. विषय असा, की आपल्या वारकऱ्यांचा आणि मुसलमानांचा संबंध काय, आणि त्यांच्या धर्मात दुसऱ्या धर्माच्या माणसाला जागा आहे की नाही. हा विषय का घेतला ते शेवटी सांगू. आम्हाला शेवटी तुमच्याकडे एक मागायचे आहे. आधी ऐका, मग द्यायचे की नाही ते ठरवा.

सुरुवात आपल्या जिल्ह्यापासून करू. श्रीगोंद्याचे संत शेख महंमद. 'योगसंग्राम' हा ओवीबद्ध ग्रंथ त्यांचा. शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे भोसले यांनी त्यांना मान दिला, श्रीगोंद्यात मठासाठी जागा दिली. आपण जन्माने मुसलमान आहोत हे शेख महंमदांनी कधी लपवले नाही, आणि विठ्ठलाची भक्तीही लपवली नाही. त्यांना कबीराचा अवतार मानतात. आता बघा, त्यांचे गुरू चांद बोधले. हे सूफी सत्पुरुष, देवगिरीला म्हणजे दौलताबादेला त्यांचे ठाणे. त्याच चांद बोधल्यांचा अनुग्रह जनार्दनस्वामींना होता असे परंपरा सांगते. आणि जनार्दनस्वामी कोणाचे गुरू? आपल्या नाथबाबांचे. म्हणजे पैठणच्या एकनाथ महाराजांची गुरुपरंपरा वर वर नेली तर ती एका फकिराच्या दारात जाते. हे आम्ही घरचे सांगत नाही, जुन्या माणसांनी सांगितलेले आहे.

नाथबाबांनी हिंदू आणि तुर्क यांचा संवाद लिहिला. त्यात दोघेही एकमेकांची उणीदुणी काढतात. तो म्हणतो तुमचे हे खोटे, हा म्हणतो तुमचे ते खोटे. नाथबाबांनी कोणाला झुकते माप दिले नाही, दोघांना पोटभर भांडू दिले. शेवटी दोघे एकमेकांना आलिंगन देतात. आमच्या मते नाथबाबांनी एक गोष्ट शिकवली, भांडण मनात ठेवू नका, समोरासमोर बोलून मोकळे करा, मग गळाभेट खरी होते.

तुकोबांची गोष्ट तर तुम्हाला ठाऊकच आहे. देहूत अनगडशाह फकीर भिक्षेला आले. तुकोबांच्या लेकीने चिमूटभर पीठ घातले आणि त्यांचा कटोरा भरला. आजही तुकोबांची पालखी देहूतून निघाली की अनगडशाहबाबांच्या दर्ग्यापाशी थांबते, तिथे अभंग होतो, आरती होते, मग पालखी पुढे जाते. इतक्या वर्षांत कोणी म्हणाले नाही की हा थांबा काढून टाका.

आणि मालोजीराजांचेच पुढे सांगायचे तर, त्यांना मूल नव्हते. नगरच्या शाह शरीफ दर्ग्याला नवस केला. दोन मुलगे झाले, एकाचे नाव शहाजी, दुसऱ्याचे शरीफजी. शिवछत्रपतींच्या वडिलांच्या नावात नगरचा एक पीर आहे माउली! हे विसरून कसे चालेल?

आता आपल्या राहात्यात येऊ. साईचरित्र घरोघर वाचले जाते, पण त्यातली राहात्याची गोष्ट लक्षात कोण ठेवतो? दाभोळकरांनी, म्हणजे हेमाडपंतांनी ती पाचव्या अध्यायात लिहिली आहे. नगरहून जव्हारअली नावाचे एक फकीर राहात्याला आले. विद्वान होते, कुराण मुखोद्गत, वाणी गोड. गावातल्या भाविकांनी त्यांना मान दिला. त्यांनी आपल्या वीरभद्राच्या देवळाजवळ ईदगा बांधायला घेतला. त्यावरून गावात तंटा झाला आणि जव्हारअलींना गाव सोडावे लागले. ते शिरडीला गेले, बाबांच्या मशिदीत राहिले, आणि लोकांना सांगू लागले, की हा साई माझा चेला आहे.

बाबांनी काय केले? 'मी कोण तू कोण' असे म्हणाले नाहीत. चेला म्हणवून घेतले. त्यांच्याबरोबर राहात्याला आले, इथे राहून त्यांची सेवा केली. शिष्याला गुरूचे उणे कळत होते, तरी शिष्याने मर्यादा सोडली नाही. शेवटी शिरडीकरांना करमेना, ते येऊन बाबांना आणि त्या फकिरालाही परत घेऊन गेले. पुढे देवीदास नावाच्या साधूपुढे त्या फकिराचे काही चालले नाही, तो निघून गेला, आणि पुष्कळ वर्षांनी परत येऊन बाबांच्या पाया पडला.

ही गोष्ट आम्ही तरुणपणी कितीदा वाचली, पण आम्हाला वाटायचे, ही गुरूच्या गर्वाची गोष्ट आहे. आता म्हातारपणी वाटते, ही जागेची गोष्ट आहे. देव कोणाचा मोठा यावर ते भांडण नव्हते. देवळाशेजारी काय बांधायचे, यावरून होते. शेतकऱ्याला हे लगेच कळेल. भाऊ-भाऊ पिकावरून भांडत नाहीत, बांधावरून भांडतात.

बाबांच्या देह ठेवण्याचेही तसेच. 15 ऑक्टोबर 1918, विजयादशमी. बाबांनी देह ठेवला आणि वाद उभा राहिला, देह कुठे ठेवायचा. कोणी म्हणाले उघड्या जागेत ठेवून वर कबर बांधा, कोणी म्हणाले बुटींच्या वाड्यातच ठेवायचा. छत्तीस तास बोलणी चालली. पण त्यात एक मौज आहे. उघड्या जागेच्या बाजूला कोण होते? कोऱ्हाळ्याचे अमीर शक्कर, आणि आपल्या राहात्याचे खुशालचंद शेठ! शेठ मारवाडी, आणि मत दिले मुसलमान भक्तांच्या बाजूने. त्यांना जे योग्य वाटले ते त्यांनी सांगितले. कोण कुठल्या धर्माचा हे बघून मत ठरवायची रीत तेव्हा अजून आलेली नव्हती. अखेर वाडा ठरला, सर्वांनी मान्य केले. शिरडीत 1897 पासून उरूस सुरू झाला तो रामनवमीच्या दिवशी. एकाच दिवशी निशाणांची मिरवणूक आणि चंदनाची, म्हणजे संदलची मिरवणूक. संदल याच अमीर शक्करांनी सुरू केला. आजवर कोणाचे काही अडले?

आता कोणी म्हणेल, 'बुवा, हे आपल्या संतांचे मोठेपण झाले. त्यांच्या धर्मात काय आहे?' प्रश्न रास्त आहे. आम्हाला अरबी येत नाही. नातीने पुस्तके आणली आणि संध्याकाळी ओट्यावर बसून वाचून दाखवली. जे समजले ते सांगतो.

कुराणाच्या दुसऱ्या अध्यायात असे सांगितले आहे, की धर्माच्या बाबतीत कोणावर बळजबरी करायची नाही. दुसरीकडे असे आहे, की माणसांच्या वेगवेगळ्या जमाती देवाने केल्या त्या एकमेकांची ओळख पटावी म्हणून. आणि त्यांच्या नमाजात रोज देवाला जे म्हणतात, 'रब्बुल आलमीन', त्याचा अर्थ सगळ्या जगांचा पालनकर्ता. नुसता मुसलमानांचा नव्हे. आम्ही ऐकले आणि मनात म्हटले, पांडुरंगालाही आपण जगजेठीच म्हणतो ना!

त्यांच्या पैगंबरांना मक्केत त्रास झाला तेव्हा त्यांचे अनुयायी समुद्र ओलांडून हबश देशात गेले. तिथला राजा ख्रिस्ती. मक्केवाल्यांनी नजराणे पाठवले आणि म्हणाले, आमची माणसे परत द्या. राजाने त्या निर्वासितांचे म्हणणे ऐकून घेतले, आणि नजराणे परत करून माणसे ठेवून घेतली. म्हणजे मुसलमान धर्म लहान होता तेव्हा त्याला आसरा दिला तो परधर्माच्या राजाने. हा हबश देश आपल्याला परका नाही बरं का. आपल्या नगरच्या निजामशाहीचा वजीर मलिक अंबर त्याच मुलखातून गुलाम म्हणून विकला जात जात इथवर आला होता.

पुढे 622 साली पैगंबर मदिनेला गेले. तिथे मुसलमान होते, यहुदी होते. त्यांनी करार केला, की ज्याचा धर्म त्याच्यापाशी, आणि गावावर कोणी चालून आला तर सगळ्यांनी मिळून गाव राखायचे. पुढे तो करार मोडला, तंटे झाले, लढाया झाल्या, तेही खरे. पण करार झाला होता हेही खरे.

आणि एक गोष्ट तर आम्ही नातीकडून दोनदा वाचून घेतली. पैगंबरांच्या मागून दुसरे खलिफा झाले ते हजरत उमर. सुमारे 638 साली जेरुसलेम शहर त्यांच्या ताब्यात आले. तिथे ख्रिस्ती लोकांचे सर्वांत मोठे देऊळ, येशूची समाधी मानतात ते. उमर ते बघत असताना नमाजाची वेळ झाली. तिथले मुख्य धर्मगुरू म्हणाले, इथेच आत नमाज पढा. उमर नाही म्हणाले. बाहेर येऊन नमाज पढले. का? तर म्हणाले, आज मी आत पढलो तर उद्या माझी माणसे म्हणतील, उमर इथे पढले होते, ही जागा आमची. असे सांगतात. ते ख्रिस्ती देऊळ आजही तिथे आहे, आणि समोर उमरच्या नावाची मशीद आहे.

माउली, हा राजा जिंकलेला होता. मनात आणले असते तर कोण अडवणार होते? पण आपल्या मागून येणाऱ्या आपल्याच माणसांचा लोभ त्याने ओळखला. आमच्या भाषेत सांगायचे तर, त्याने बांध कोरला नाही.

बांध म्हणजे काय वैर का? बांध आहे म्हणून पाणी शेतात थांबते, बांध आहे म्हणून दोन्हीकडची माणसे त्याच्यावर बसून भाकरी खातात. वाईट काय, तर रात्री जाऊन दरवर्षी चार बोटे बांध कोरणे. आमचा देव सगुण, विटेवर उभा, कमरेवर हात ठेवलेला. त्यांचा देव निराकार, त्याची मूर्ती करायची नाही. आम्ही माळ घालतो, गंध-बुक्का लावतो. ते लावणार नाहीत. हे वेगळेपण पुसून सगळे एकच आहे असे उगाच म्हणू नका. ते खोटे होईल. बांध असू द्या, कोरू नका.

गोड तेवढेच सांगितले तर कीर्तनकार खोटा ठरतो, म्हणून कडूही सांगतो. देवळे पाडली गेली. जिझिया कर बसला. अकबराने तो 1564 साली उठवला, औरंगजेबाने 1679 साली पुन्हा बसवला. त्याचाच थोरला भाऊ दारा शुकोह, त्याने काशीचे पंडित बसवून उपनिषदे फारशी भाषेत आणली, 1657 साली. दोनच वर्षांनी औरंगजेबाने त्याला मारले. बापही एक, धर्मही एक. एकाला उपनिषदात देव दिसला, दुसऱ्याला भावात शत्रू दिसला. तो औरंगजेब 1707 साली मेला तो आपल्या नगरजवळ भिंगारला. त्याने आपल्या संभाजी महाराजांना जे केले ते महाराष्ट्र विसरणार नाही, विसरूही नये. पण माउली, त्याचा हिशोब कोणाकडे मागायचा? ज्याने केले त्याच्याकडे. आपल्या शेजारी राहणाऱ्या, कांदा लावणाऱ्या, सोसायटीचे कर्ज फेडणाऱ्या माणसाकडे मागता येत नाही.

2022 साली 10 जुलैला आणि 2023 साली 29 जूनला आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी आल्या. महाराष्ट्रात कितीतरी गावांतल्या मुसलमान भावांनी ठरवले, की एकादशीला कुर्बानी करायची नाही, दुसऱ्या दिवशी करू. त्यांच्या शास्त्रात कुर्बानीला पुढचे दिवसही चालतात, म्हणून धर्म न मोडता त्यांनी आपला मान राखला. ही बातमी आपल्यापैकी किती जणांनी मोबाईलवर पुढे पाठवली? वाईट बातमी किती जणांनी पाठवली? हात वर करू नका. मनात मोजा.

आता आमचे मागणे. त्याआधी आमची चूक.

आपल्या दिंडीच्या मागे पाण्याचा टँकर चालतो. तो ओढणारा ट्रॅक्टर बावीस वर्षे एका चाचांचा होता. नाव घेत नाही, सगळ्यांना ठाऊक आहे. डिझेलाशिवाय एक रुपया घेतला नाही. नगर सोडले की करमाळ्यापर्यंत उन्हाचा दिवस असला म्हणजे पाण्याची किंमत कळते. मुक्काम पडायच्या आधी टँकर उभा असायचा. 2014 साली वारी आणि रोजे एकत्र आले. चाचांच्या तोंडात दिवसभर थेंब नाही, आणि हाताने आपल्या कळशा भरून देत होते. सूर्य मावळला की आपल्या बायाच त्यांना केळी नेऊन द्यायच्या. त्या एकादशीला पंढरपुरात आम्ही त्यांना म्हटले, 'चाचा, आज दोघांचाही उपास.' ते हसून म्हणाले, 'बुवा, तुमचा साबुदाण्याचा, माझा कोरडा.'

दोन वर्षांपूर्वी दिंडी निघायच्या आधी देवळात बैठक झाली. दोन-तीन पोरे उठली आणि म्हणाली, पाणी आपल्याच माणसाच्या हातचे पाहिजे, काय भरवसा? मोबाईलवर काहीबाही बघितलेले होते. थोरल्या मंडळींनी एकमेकांकडे बघितले. कोणी काही बोलले नाही. आणि आम्ही? चाळीस वर्षे समतेवर कीर्तन करणारे आम्ही, तिथेच बसलो होतो. आम्हीही बोललो नाही. का बोललो नाही ते खरे सांगतो. वाटले, उगाच नाव होईल, पुढची कीर्तने जातील.

चाचांच्या कानावर गेले. दुसऱ्या दिवशी त्यांचा निरोप आला, 'यंदा ट्रॅक्टर नादुरुस्त आहे.' कोणाला काही म्हणाले नाहीत. सकाळी आम्ही बागेत गेलो तर बांधापलीकडे त्यांच्या रानात तोच ट्रॅक्टर नांगरत होता. त्यांनी आम्हाला बघितले, आम्ही त्यांना बघितले. दोघांनीही मान खाली घातली. दिंडीला भाड्याचा टँकर लावला. चौथ्या मुक्कामाला तो आलाच नाही. आपल्या माय-माउल्या रात्री कळशा घेऊन कुठे कुठे फिरल्या ते त्यांना विचारा.

त्या वर्षी पंढरपुरात आम्ही कळसाचे दर्शन घेतले, पण मान वर करून घेता आले नाही.

मागल्या वर्षी ज्येष्ठात आम्ही नारळ घेऊन चाचांच्या घरी गेलो. म्हटले, 'चाचा, चुकलो. चला वारीला.' त्यांनी चहा पाजला. नारळाकडे बघितले आणि विचारले, 'बुवा, हा नारळ तुम्ही आणलाय का दिंडीनं?'

आमच्याजवळ उत्तर नव्हते. नारळ घेऊन परत आलो. बावीस वर्षे त्या माणसाने दिंडीला पाणी दिले होते, माझ्या एकट्याच्या घरी नव्हे. गेले ते दिंडीच्या बैठकीतून गेले. मग बोलावणे एकट्याचे कसे पुरेल? त्यांचे बरोबर होते.

तो नारळ आम्ही देव्हाऱ्यात ठेवला होता. आज पिशवीत घालून आणला आहे. आत गोटा झालाय, हलवला की वाजतो. हा बघा, वीण्यापाशी ठेवतो. आता तो आमचा राहिला नाही.

आम्ही दिंडीला काही शिकवायला उभे नाही. ज्या बैठकीत आम्ही गप्प बसलो तिथे जे बोलायचे होते ते दोन वर्षे उशिरा बोलतोय, एवढेच. ज्या पोरांनी ते म्हटले त्यांच्यावर राग नाही. ती पोरे आपलीच आहेत, रात्रभर जागून तंबू तीच ठोकतात. शंका त्यांनी उघड बोलून दाखवली, आम्ही म्हातारे तर उघड गप्पही बसलो नाही, खाली बघून बसलो. दोष आमचा जास्त.

मागणे एवढेच, की पुढच्या आषाढीच्या आधी हा नारळ दिंडीच्या नावाने जावा. विश्वस्तांनी न्यावा, वीणेकऱ्यांनी बरोबर जावे, आणि त्या दोन-तीन पोरांपैकी एकाने तरी जावे. चाचा येतील की नाही, ते त्यांच्या मनावर. नाही आले तरी त्यांचा हक्क आहे. पण आपल्या शंभर वर्षांच्या वहीत असे लिहिलेले नसावे, की आपण बोलावलेच नाही.

 

पुंडलिक वरदा हरि विठ्ठल! रामकृष्णहरि!